होडी दाजींची, निरगाठ माझी

बालाजीचा फोन तीनदा वाजून गेला, तरी मला ऐकू आला नाही. मी अणदूरच्या पिठाच्या गिरणीत उभा होतो, ज्वारीचा डबा रांगेत चौथा होता, आणि त्या घरघरीत शेजारच्याचं बोलणं कळेना तिथं फोन कुठला कळणार! चौथ्यांदा खिशात थरथरलं तेव्हा बाहेर आलो. बालाजी म्हणजे माझा भाचा, सास्तूरच्या अक्काचा थोरला. म्हणाला, "मामा, बाबा गेले. सकाळी शेळ्यांना पाला टाकायलते, दम लागला म्हणून खाली बसले... अन् बसले ते बसलेच." मी म्हणालो, "बरं, येतो." एवढंच. मग आत जाऊन पुन्हा रांगेत उभा राहिलो. का राहिलो, मला विचारू नका. दळण झालं, डबा सायकलवरून घरी नेऊन ठेवला, हाताचं पीठ धुतलं आणि मग नळाखालीच मला रडू फुटलं. बायको म्हणाली, अहो, पण झालं काय? तिला सांगायचंही राहून गेलं होतं.

गेले ते माझे दाजी, किसनराव. माझ्या एकुलत्या एक बहिणीचे यजमान. आता महिना होऊन गेला. पेपरच्या पुरवणीसाठी दाजींवर काहीतरी लिहा, असं माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सुचवलं, तेव्हा मी हो म्हणालो खरा, पण चार वेळा कागद घेऊन बसलो आणि चारही वेळा उठलो. वय झालंय, हात दुखतो, हे खरंच आहे. पण लिहायला बसलं की एक गोष्ट आडवी येते. ती सांगितल्याशिवाय बाकीचं सगळं खोटं वाटतं, आणि ती सांगायची तर... असो. सांगतोच आहे.

दाजींचा धंदा शेळ्यांचा. थोडी शेती, एक बैलजोडी, पण जीव शेळ्यांत. आपल्याकडच्या काळ्याभोर शेळीला खाली कोकणात फार मान. महिन्या-दोन महिन्यांनी दाजी पिकअप भरून पाठी, म्हणजे तरण्या शेळ्या, आणि बोकड घेऊन रत्नागिरीकडं उतरायचे, चार-पाच दिवसांनी परत यायचे. माणूस बारीक, उन्हानं करपलेला, बोलणं कमी, आणि हातात सदा एक दोरीचा तुकडा. बसल्या जागी बोटं गाठी मारत आणि सोडत राहायची. गावात कडब्याची गाडी भरली की दोर आवळायला दाजींना हाक. "किसननं बांधलेला कडबा हाय, तुळजापूरपत्तोर काडी हलायची न्हाय," असं लोक म्हणायचे. साऱ्या लोहारा तालुक्यात त्यांच्या हाताच्या गाठीचं नाव होतं, आणि न बोलणाऱ्या त्या माणसाला तेवढा एक अभिमान होता.

पण एक हट्ट होता. जनावर बांधायचं ते सुरगाठीनंच. सुरगाठ म्हणजे एका टोकाला धरून ओढलं की क्षणात सुटते ती. निरगाठ म्हणजे ताण पडेल तशी आणखी आवळत जाते ती. त्र्याण्णवच्या भूकंपात दाजींच्या जुन्या गोठ्याची भिंत पडली तेव्हा कुणीतरी घाईत निरगाठीनं बांधलेला एक बैल आत होता. ती गाठ दाजींच्यानं सुटली नाही. त्याबद्दल ते कधी बोलत नसत, मला अक्कानं सांगितलं. पण त्यानंतर त्यांच्या गोठ्यात कुणी निरगाठ मारली की हा गरीब माणूस एकदम पेटायचा. "जनावराचा जीव हाय का फुकटचा?" म्हणून ओरडायचा.

अशा माणसाला समुद्राचा नाद लागला. आता काय म्हणावं याला! सास्तूर कुठं, समुद्र कुठं. आमच्याकडं दर उन्हाळ्यात टँकरपुढं घागरींची रांग, आणि हा माणूस कोकणातून आला की लाटांच्या गोष्टी सांगायचा. तिकडं हसनभाई म्हणून एक मच्छीमार त्यांचं गिऱ्हाईक होता. शेळ्या विकून झाल्या की दाजी त्याच्याकडं मुक्काम करायचे. त्याच्याकडं एक कयाक होती, कुठल्याशा रिसॉर्टनं काढून टाकलेली. पिवळ्या प्लास्टिकची, दोन माणसांची, वरून बंद अशी लांबट होडी. तिच्यावर बसायचं आणि दोन्ही बाजूंनी पातं असलेल्या वल्ह्यानं मारत जायचं. पहाटेच्या शांत पाण्यात हसनभाईनं दाजींना एकदा तिच्यावर बसवलं आणि हातात गळ दिला. झालं! पुढच्या खेपेला दाजी परत आले ते दोन पाठी आणि एक बोकड देऊन कयाक पिकअपवर बांधूनच. शेळ्यांच्या बदल्यात होडी घेणारा मराठवाड्यातला हा पहिलाच माणूस असावा.

सास्तूरच्या चौकात गाडी थांबली तर ही गर्दी. जनावरांना पाणी पाजायची डोणी आणली वाटतं, असा सगळ्यांचा समज. मग कुणीतरी बोट घालून बघितलं, तर डोणीला आरपार भोकं. "किसनराव, तुमाला लुटलं की हो त्या कोकण्यानं! भोकं पडलेली डोणी?" दाजी हसले फक्त. ती भोकं मुद्दाम असतात. लाट अंगावर आली की पाणी बसायच्या जागेत साचू नये, खाली निघून जावं म्हणून. पण हे अक्काला कोण सांगणार? दाजी रानात गेलेले बघून तिनं पंक्चरवाल्याला बोलावलं आणि नवऱ्याच्या काळजीपोटी सगळी भोकं रबर घालून पक्की बुजवून घेतली. रविवारी माकणीच्या धरणावर होडी पाण्यात टाकली, वारं सुटलं, पाणी आत आलं आणि साचलं ते साचलंच. दाजी कमरेएवढ्या पाण्यात, टबात बसल्यासारखे, तसेच वल्हवत काठाला आले. अक्का काठावरून ओरडत होती, "म्या भोकं बुजवलीत की! तरी पाणी आलंच कुठनं?" तेवढं हसलेले दाजी मी पुन्हा कधी बघितले नाहीत.

मग त्यांनी ती होडी सजवायला घेतली, दोन वर्षं. सजवायला म्हणजे समुद्रावरच्या मासेमारीसाठी तयार करायला. बोअरच्या पाइपाचे हातभर तुकडे कापले, चुलीवर टोक गरम करून रुंद केलं आणि बसायच्या जागेमागं तिरके बसवले. त्यात गळाच्या काठ्या उभ्या राहतात, म्हणजे वल्हवायला दोन्ही हात मोकळे. त्यामागं दुधाचा प्लास्टिकचा क्रेट, टायरच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलेला. त्यात गळ, शिसं, चिमटा, पाण्याची बाटली, आणि मासे ठेवायला ओलं पोतं. बसायला आधी पिकअपच्या जुन्या सीटचा स्पंज लावला, तो पाणी पिऊन बसला. मग बाजेची नायलॉनची पट्टी विणून पाठीला टेकण केलं. नांगर गावातल्या लोहारानं घडवला, चार वाकड्या नखांचा, दीड किलोचा. लांबून होडी दिसावी म्हणून वेळूच्या काठीला पिवळं फडकं बांधलं. वल्हं, चिमटा, सुरी, शिट्टी, प्रत्येक वस्तूला शेळीच्या दाव्याचा तुकडा. "समिंदरात जे बांधलं न्हाय ते आपलं न्हाय, मास्तर," असं म्हणायचे. आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी झाली की उरलेलं हळद-तेल घेऊन ते वल्ह्यालाही चोळायचे. अक्का कपाळावर हात मारून घ्यायची.

मला ते मास्तर म्हणत, कारण मी अणदूरच्या शाळेत भूगोल शिकवायचो. सगळी नोकरी खारे वारे आणि मतलई वारे फळ्यावर काढण्यात गेली. दिवसा समुद्राकडून जमिनीकडं वाहतात ते खारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडं ते मतलई. बाणासह आकृती, चार गुण. भरती-ओहोटी शिकवली, खंडान्त उतार शिकवला, आणि समुद्र बघितला तो एका सहलीत, तोही पोरं मोजत. दाजी कोकणातून आले की मला विचारायचे, "मास्तर, अकरा वाजले की वारं फिरतंय तिकडं. का हो?" मी ऐटीत सांगायचो. ते लक्ष देऊन ऐकायचे. मला फार बरं वाटायचं. आता वाटतं, त्यांना ते वारं अंगावर घेऊन ठाऊक होतं, मला पुस्तकातून. पण त्यांनी तसं कधी दाखवलं नाही.

निवृत्त झालो त्या वर्षी माघात ते म्हणाले, "चला मास्तर, एकदा वारं बघून या." चार वर्षं झाली त्याला. मी जायचं ठरवलं तसं त्यांनी मला गोठ्यात नेलं आणि मेढीच्या खांबाला दोरी बांधून धडा दिला. होडीच्या नाकाशी त्यांनी वरून उघडी अशी लोखंडी खाच बसवली होती. नांगराची दोरी त्या खाचेतून येऊन पुढं बसणाऱ्याच्या गुडघ्याजवळच्या लोखंडी कडीला बांधायची, बैलाच्या दाव्याचीच कडी होती ती. दोरीच्या मोकळ्या टोकाला पाच लिटरचा रिकामा कॅन. पुढची जागा माझी, म्हणजे गाठ मारायचं काम माझं. "सुरगाठच मारायची. नांगर खडकात अडकला, लाट वाढली, तर होडी नाकावर वढली जातीया. तवा एक हिसका द्यायचा. दोरी कॅनासंगं जाती पाण्यात, आपुन सुटतो. मागनं येऊन कॅन हुडकायचा." मग थांबून म्हणाले, "बांधाया कुनीबी बांधतंय, मास्तर. सोडायची येळ आली की कळतंय गाठ कसली हाय ते." माझ्याकडून दहा वेळा मारून घेतली. मी डावखुरा, त्यामुळं माझी गाठ त्यांच्या गाठीच्या उलट फिरायची. त्यांना गंमत वाटली. लहानपणी अक्कानं माझा डावा हात पाठीमागं धरून मला उजव्यानं जेवायला शिकवलं होतं. जेवण तेवढं उजवं झालं, बाकी सगळं डावंच राहिलं.

होडी पिकअपवर बांधून आम्ही हसनभाईकडं उतरलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता पाण्यात निघालो. हसनभाईनं होडी लाटांतून ढकलून दिली, दोन लाटा अंगावर घेतल्या आणि मग एकदम सगळं शांत. मागं दाजींच्या वल्ह्याचा आवाज, पुढं नुसतं पाणी. मतलई वारं पाठीवर होतं, अगदी फळ्यावरच्या बाणासारखं, आणि मी वेड्यासारखा "दाजी, मतलई! दाजी, हेच ते मतलई!" म्हणून ओरडत होतो. ते म्हणाले, "व्हय व्हय, मास्तर, वल्हं मारा." किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली खडक होता, तिथं मासा बसतो म्हणून दाजींनी नांगर टाकला. "बांधा." मी दोरी कडीत घातली... आणि इथंच माझी अक्कल आडवी आली. खाली बघितलं तर पाणी काळंनिळं. मनात म्हणालो, बैलाला सुरगाठ ठीक आहे, हा समुद्र आहे. एका हिसक्यात सुटणारी गाठ इथं काय कामाची? भूगोलाच्या मास्तरला शेळ्यावाल्यापेक्षा जास्त कळतं ना! मी निरगाठ मारली. एकीवर दुसरी मारली. दाजी माझ्या पाठीमागं, त्यांना माझे हात दिसत नव्हते. "बांधली का सुरगाठ?" त्यांनी विचारलं. "बांधली," मी म्हणालो.

मासे लागले. कोळंबीचा तुकडा लावून गळ सोडला की तळाशी शिसं टेकल्याचं बोटाला कळायचं, मग दोन हात वर घ्यायचं आणि वाट बघायची. दाजींनी एक चांगला थोराड गोब्रा काढला, मला दोन बांगडे लागले. ते दोन बांगडे हातात धरून मी जितका खूश झालो तितका पगारवाढीला झालो नसेन. त्या नादात वेळ किती गेला कळलं नाही. वारं फिरलं. खारं वारं, मी स्वतः शिकवलेलं, वेळेवर आलं. लाटा वाढल्या, होडीचं नाक खाली ओढलं जाऊ लागलं, नांगर खडकात पक्का. दाजी शांतपणानं म्हणाले, "सोडा मास्तर, एक हिसका." मी हिसका दिला. मग दुसरा. मग दोन्ही हातांनी. ओल्या नायलॉनची गाठ दगड झाली होती. "सोडा की!" मागून आवाज चढला. तेवढ्यात एक लाट नाकावरून आली आणि होडी आडवी होऊन उलटली.

लाइफ जॅकेट होतं, त्यामुळं मी वर यायला हवा होतो. पण नांगराच्या दोरीचा वेढा माझ्या घोट्याला बसला होता. तोंड पाण्याबाहेर आलं की पुन्हा आत जायचं. खारट पाणी नाकातोंडात... मी मेलो असं मला अगदी सरळ कळलं. मग दाजींचं डोकं माझ्या शेजारी दिसलं. होडीच्या कडेला धरून ते पुढं आले होते, दाव्यानं बांधलेली सुरी हातात. कडीजवळ, गाठीच्या बोटभर पुढं, त्यांनी दोरी कापायला घेतली. कापली तेव्हाच लाटेनं होडी त्यांच्यावर आपटली आणि सुरी त्यांच्याच उजव्या पंजातून फिरली. पाणी लाल झालं. त्या हातानं त्यांनी माझी कॉलर धरून ठेवली, हसनभाईची बोट येईपर्यंत.

किनाऱ्यावर हसनभाईनं होडी उलथून बघितली. कडीला ती गाठ तशीच, शेपटीला कापलेली दोरी. तो भडकला. "कुणी मारली रे ही गाठ? मरायला आला होतात काय?" मी वाळूवर ओकत होतो. तोंड पुसलं, मान वर केली... आणि मी बोलायच्या आधीच दाजी म्हणाले, "म्या मारली. चुकलं माझं." त्यांच्या हाताला गुंडाळलेला पंचा भिजून गेला होता. हसनभाई त्यांच्याकडं बघतच राहिला. मीही बघत राहिलो. त्या वेळी बोलायला एक क्षण पुरला असता. मी बोललो नाही.

टाके पडले, जखम भरली, पण उजव्या हाताची तीन बोटं पुन्हा मिटली नाहीत. गाठ मारणारा हात गेला. घरी अक्कानं आकाशपाताळ एक केलं. "जलमभर जनावरं बांधली, अन् सोताच्या मरणाची गाठ मारून आलाव व्हय? माझा भाऊ मेला असता तर कुनाचं त्वांड बघितलं असतं म्या?" हे ती माझ्यासमोर बोलली. मी चहाचा कप हातात धरून बसलो होतो. बालाजी म्हणाला, "बाबा, आता बास. समुद्र बंद." दाजींनी मान हलवली. होडी गोठ्यात आढ्याला टांगली गेली. शेळ्यांचा धंदा बालाजीकडं गेला, आणि गावाला चघळायला एक गोष्ट मिळाली. कडब्याची गाडी भरली की कुणीतरी मोठ्यानं म्हणायचंच, "किसनरावाला नगा बोलवू रे, निरगाठ मारतील!" सगळे हसायचे. दाजीही हसायचे. पोळ्याला मात्र दर वर्षी स्टुलावर चढून, डाव्या हातानं, त्या टांगलेल्या वल्ह्याला हळद-तेल लावायचे.

मी दर दोन महिन्यांनी जायचो. बसमध्ये ठरवायचो, आज अक्काला सांगायचं. येरमाळ्याच्या येडेश्वरीला नवसही बोललो की धीर दे. देवीनं काय द्यायचा, माझ्यातच नव्हता. एकदा गोठ्यात दाजींनाच म्हणालो, "दाजी, मी सांगून टाकतो तिला. मला झोप लागत नाही." ते डाव्या हातानं शेळीला पाला चारत होते. हातातली डहाळी संपू दिली. मग म्हणाले, "मास्तर, आईबाप गेले, थोरला भाऊ गेला. तिला म्हायेर म्हंजी तुमीच एकलं. तिचा राग ठावं हाय ना? पुन्यांदा तुमचा उंबरा चढायची न्हाय. मला समिंदर न्हाय मिळाला तर चालंल... तिला म्हायेर पायजे." आणि शेळीकडं वळून तिच्याशीच काहीतरी बोलायला लागले. मला तेवढंच हवं होतं, हे आज कबूल करतो. परवानगी मिळाल्यासारखा मी गप्प बसलो, आणखी दोन वर्षं.

तेराव्याला मांडवात दोन-चार जण बोलले. सगळे चांगलंच बोलले. शेवटी एक पाहुणे उठले, बोलण्यात वाकबगार, म्हणाले, किसनराव देवमाणूस, पण समुद्राच्या नादापायी हात घालवला. आयुष्यभर गाठी मारल्या आणि ऐन वेळी एक साधी गाठ चुकली, दैव म्हणायचं, दुसरं काय. माणसं हळहळली, मागं कुणीतरी बारीक हसलंही. मी हातातला पुरणाचा घास ताटात परत ठेवला. त्या माणसाजवळ आयुष्यात एकच गोष्ट नावाची होती आणि ती मी घेऊन बसलो होतो, आणि आता तर ते हसूनही घेऊ शकत नव्हते.

पाहुणे गेल्यावर, दिवस कलताना, मी अक्काला गोठ्यात गाठलं. ती शेळ्यांना पाणी दाखवत होती. मी म्हणालो, "अक्का, ती गाठ मी मारली होती. दाजींनी नाही." तिनं बादली खाली ठेवली. मी सगळं सांगितलं, कुठं लपवलं नाही, त्यांनी विचारलं होतं आणि मी खोटं बोललो होतो तेही. आता ओरडेल, हाकलून देईल, असं धरून चाललो होतो. ती ओरडली नाही. मेढीच्या खुंटीला होडीवरून काढलेली ती कडी टांगलेली होती, गाठीसकट. दाजींनी ती ना सोडली होती, ना टाकली होती. अक्कानं ती काढली, उजेडाला नेली, उलटीपालटी केली. "डावखुऱ्याची हाय," ती म्हणाली. "पीळ उलटा हाय... चार वर्सं रोज हितं शेळ्या सोडाया येते म्या. रोज दिसती. बघितलीच न्हाय."

मग ती खाली शेणात तशीच बसली. "म्या लई बोलले रे त्यांला. भाकरी वाढताना बोलले. लोकांसमोर बोलले. त्या दिशी सकाळी पाला टाकाया निघाले तवाबी म्हनलं, हळू जावा, हात कुठं नीट हाय तुमचा, सोताच्याच करनीनं गेला... त्ये म्हनले, व्हय गं बाई." तिनं माझ्याकडं बघितलं. "आता ह्ये म्या कुनाला सांगू?" तिला माहेर राहावं म्हणून दाजींनी तोंड बंद ठेवलं, आणि मी तोंड उघडलं तेव्हा तिच्याकडून दाजींनाच दुसऱ्यांदा काढून घेतलं, असं मला वाटत राहतं. पण न सांगता मेलो असतो तर तेही बरं नव्हतं. काय बरं होतं, कुणास ठाऊक. चार वर्षांपूर्वी वाळूवर बोललो असतो तर बरं होतं, एवढं नक्की.

निघताना मी खिशातून चाकू काढला आणि गाठ कापायला घेतली. निदान ती तरी तिच्या डोळ्यांसमोरून जावी म्हणून. तिनं माझा हात धरला, लहानपणी जेवताना धरायची तोच, डावा. "कापायची न्हाय. त्यांनी एकदा कापली, बास झालं. तूच सोड." मी म्हणालो, अगं, मीठ बसून दगड झालाय तिचा. ती आत गेली, पोळ्यासाठी काढून ठेवलेल्या करडईच्या तेलाची बाटली आणून कडीसकट माझ्या पिशवीत टाकली. यंदा दुःखाच्या घरात पोळा झाला नव्हता. "सुटली की घिऊन ये," म्हणाली. भाऊबीजेला ये म्हणाली नाही. येऊ नको असंही म्हणाली नाही. मी फाटकाबाहेर गेलो तरी ती गोठ्यातून बाहेर आली नव्हती.

पेपरात लिहितो, चालेल का, असं मी बालाजीकडून अक्काला विचारलं. निरोप आला, "लिव्ह म्हणावं, नावानिशी." म्हणून हे लिहिलं. ज्यांनी ज्यांनी कडब्याच्या गाडीशी उभं राहून दाजींना हसून घेतलं, त्यांना सांगतो, किसनरावांनी जन्मात एकही गाठ चुकीची मारली नाही. ती गाठ माझी होती.

कडी इथं माझ्या टेबलावर आहे, शेजारी तेलाची बाटली. रोज संध्याकाळी दिवा लागला की तेल लावतो आणि सुईनं, नखानं एकेक पेड उचकटत बसतो. दोन नखं मोडली. बायको म्हणते, गरम पाण्यात टाका. टाकली, काही झालं नाही. एकीवर दुसरी मारायची अक्कल कुणी सांगितली होती, असं स्वतःलाच विचारतो आणि पुन्हा चष्मा पुसून बसतो. वरची सुटली की खालची आहेच. दिवाळीला अजून चार आठवडे आहेत. काल वरच्या गाठीतला एक पेड थोडा हलला.